हंडा गार होऊ द्यायचा नाही

१६ जानेवारी १८१४, ब्रिस्टल

या वर्षात आज पहिल्यांदा माझी बोटं गरम आहेत, म्हणून लिहितोय.

काल दुपारपर्यंत धक्क्यावर कप्तान ट्रास्कच्या मागे मागे फिरत होतो. त्यांचं जहाज न्यूफाउंडलंडला जातं, कॉड मासा आणायला. तिथे म्हणे पाण्यात टोपली बुडवली की मासेच वर येतात, आणि चर्चएवढाले बर्फाचे डोंगर समुद्रात तरंगत असतात. मला ते डोंगर बघायचेत. आजवर मी कथलाच्या खाणीत उतरलोय, बदकांचा कळप हाकत डोंगर ओलांडलाय, बाहुल्यांच्या खेळवाल्याची पेटी वाहिलीय, सेव्हर्न नदीत मालाच्या होड्या ओढल्यात. पण इंग्लंडच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही. (बदकांचं म्हणाल तर त्यांना चालवण्याआधी पाय डांबरात बुडवून वाळूतून फिरवतात, म्हणजे जोडे घातल्यासारखं होतं. पण ते जाऊ दे.)

ट्रास्क म्हणाले, "घेतो तुला. पण जहाज निघेल ईस्टर उलटल्यावर, वारा लागला की. तोवर धरपकडवाल्यांच्या हाती लागू नकोस म्हणजे झालं."

सांगणं सोपं आहे. फ्रान्सशी लढाई चालू आहे तोवर राजाच्या आरमाराला माणसं पुरणार नाहीत. धरपकडवाले रस्त्यातून, दारूच्या गुत्त्यातून, लग्नाच्या वरातीतूनसुद्धा माणसं उचलतात. आधी हात बघतात. होडीचे दोर ओढून माझे तळवे असे झालेत की आंधळासुद्धा चाचपून सांगेल, हा पाण्यातला माणूस. एकदा नेला की लढाई संपेपर्यंत सुटका नाही, आणि लढाई तर माझ्या जन्मापासून चालू आहे.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या कमरेच्या सोट्यांचा खडखड आवाज आला, आणि मी दिसेल त्या दारात घुसलो. ते निघालं पॉबजॉयबाईंचं कॉफी हाऊस. आत शिरल्यावर आधी पळायचंच विसरलो. भिंतीतून पितळी नळ्या निघालेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला ज्योत. वात नाही, तेल नाही, मेण नाही. नुसती ज्योत, वटवाघळाच्या पंखासारखी पसरट.

एक उंच बाई, काळा झगा, कमरेला चाव्या. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हात पाहिले.

"कोळसा ओढता येतो?"

"येतो, बाई."

"मग उतर खाली. तळघरात राजाचे लोक येत नाहीत. घाण वास येतो त्यांना."


१९ जानेवारी

भुवया गेल्या. कशा गेल्या ते सांगतो.

तळघरात विटांची भट्टी आहे आणि तिच्यात आडवा बसवलेला बिडाचा हंडा. हंड्यात कोळसा भरायचा, झाकणाच्या कडेला ओली माती थापायची आणि खालून जाळ करायचा. कोळसा आत जळत नाही, नुसता घुसमटतो, आणि घुसमटला की त्यातून गॅस निघतो. तो नळीतून आधी गार पाण्यात, मग चुन्याच्या पाण्यात धुतला जातो आणि पाण्यावर तरंगणाऱ्या उलट्या टाकीत साठतो. टाकी फुगून वर येते. तिथून नळ्या वर, कॉफीच्या खोलीत. मोठी गंमत आहे. वर माणसं पेपर वाचतात आणि खाली त्यांचा उजेड मी चुन्यात धुतोय.

कोळशातला जीव गेला की झाकण उघडून तो मेलेला कोळसा, म्हणजे कोक, बाहेर ओढायचा आणि नवा भरायचा. उघडताना कडेला पेटती वात धरावी लागते, म्हणजे उरलेला गॅस शहाण्यासारखा जळून जातो. हे बाईंनी सांगितलं होतं. मी तेव्हा विचार करत होतो की बर्फाच्या डोंगरावर चढता येत असेल का. म्हणून भुवया गेल्या.

बाईंची भाची थर्झा वरून धावत आली. म्हणजे बाईंच्या नवऱ्याच्या बहिणीची मुलगी. ती बाईंना मामी म्हणते. कॉफीचे दाणे भाजते ती. माझं तोंड बघून पायरीवरच बसली आणि पोट धरून हसली.

"सोललेल्या अंड्यासारखा दिसतोयस!"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हंड्याला काही झालं नाही ना? बाळा, एक लक्षात ठेव. हा हंडा गार होऊ द्यायचा नाही. दिवसा नाही, रविवारी नाही, कधीच नाही. बीड एकदा तापलं आणि गार झालं की चिरतं. आधीचा तसाच चिरला. आधीच्या माणसाने प्यायला म्हणून बाहेर पाय टाकला आणि इकडे माझा हंडा गेला. आता दुसरा घ्यायची माझ्यात ताकद नाही."

मी म्हटलं, मी ईस्टरपर्यंतच आहे. ट्रास्कच्या जहाजाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू धक्क्याकडे फिरकू नकोस. जहाज निघायची वेळ झाली की मी सांगेन तुला. तोवर दुसरा माणूस बघते."

चांगली बाई आहे. शिस्तीची आहे, थर्झा म्हणते.


२ फेब्रुवारी

खाऊन पिऊन गरम आहे, हे कबूल केलंच पाहिजे. धक्क्यावर माणसं गारठून मरतायत. मला रोज थर्झा जेवण आणून देते: पाव, चीज, कधी मटणाचा रस्सा, आणि भांड्याच्या तळाशी उरलेली कॉफी. वरच्या गोष्टी पण आणते. गिऱ्हाइकांना वाटतं नळीतून आग वाहते. एक वकील नळीला हातमोजा घातल्याशिवाय हात लावत नाही. एका म्हाताऱ्याने ज्योत मेणबत्तीसारखी फुंकून विझवली, मग सगळेजण नाक धरून बाहेर.

"फुंकलीत की नुसता गॅस वाहतो, नळ बंद करायचा असतो!" असं बाई त्याला म्हणाल्या म्हणे.

आणि वर रोज एक लेफ्टनंट येतो. धरपकडवाल्यांचा म्होरक्या. शेगडीजवळचं टेबल त्याचं. पाय जायबंदी आहे म्हणून काठी टेकत चालतो. माझ्या डोक्यावरच्या फळ्यांवर ती काठी टक्, टक् वाजते आणि माझा हात फावड्यावर थांबतो. ज्या उजेडात तो याद्या वाचतो तो उजेड मी करतोय. त्याला हे माहीत असतं तर शाबासकी दिली असती की बेड्या, कोण जाणे.


२७ फेब्रुवारी

काही नाही. कोळसा, माती, चुना. काठी.


९ मार्च

आज अंगणाचं दार अर्धं उघडं होतं. बर्फ वितळून नळकांड्यातून पाणी पडत होतं त्याचा आवाज आला आणि मला राहवलं नाही. एक पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला. आकाश राखेच्या रंगाचं होतं तरी डोळे दिपले. तेवढ्यात बाईंनी मागून सदरा धरला.

"मरायचंय? काल या अंगणाच्या भिंतीपलीकडून मिठाईवाल्याच्या मुलाला नेलं. आई रस्त्यावर लोळत होती त्याची."

परत उतरलो. गंमत अशी की धक्का इथून दोन गल्ल्या लांब आहे. वारा इकडचा असला की डांबराचा वास येतो. मी इतके मुलूख तुडवलेत, आणि मला ओलांडता येत नाहीत त्या दोन गल्ल्या.

खाणीत असताना एक म्हातारा खाणकामगार म्हणायचा की जमिनीखाली माणसाला कोपरे लवकर पाठ होतात. झाले पाठ. आता डोळे मिटून सांगतो: भट्टीच्या डावीकडे तिसरी वीट फुटकी, तिच्यात कोळी. कोळ्याला मी एक नाव ठेवलं होतं. परवा तो पण गेला.


२० मार्च

थर्झा हल्ली जेवण ठेवून वर जात नाही, बसते. तिला भट्टीबद्दल काय काय विचारायचं असतं! "जाळ कमी पडला हे कळतं कसं?" "माती ओली किती?" मी सांगितलं, हंड्याचा रंग पिकलेल्या संत्र्यासारखा हवा, लालभडक झाला म्हणजे कमी, पांढरट झाला म्हणजे जास्त. ती म्हणाली, "मी दाणे आवाजावर भाजते. तुझ्या कोळशाला आवाज नाही का?"

मी म्हटलं, कोळशाला कसला आवाज?

तिने कान झाकणाजवळ नेला, मला वाटलं आता हिच्या भुवया जाणार. "आहे," म्हणाली. "आता कमी होत चाललाय. याच्यातला जीव संपत आला. उघड."

उघडलं तर खरंच संपत आला होता. मला जरा राग आला. असं वाटलं, हिला माझी जागा हवी असावी. खाली ऊब आहे ना. वर भाजायच्या खोलीत वारा घुसतो.


११ एप्रिल

काल ईस्टर झालं. घंटा वाजल्या, ते ठीक. आज सोमवार, आज पण वाजतायत. सकाळपासून थांबायचं नाव नाही. वर पाय आपटण्याचा इतका आवाज की चुन्याच्या पाण्यात तरंग उठले. मी जेवणाची वाट बघत होतो, तर आज थर्झाऐवजी बाई स्वतः आल्या. मटणाचा मोठा तुकडा होता, आणि बिअर.

"काय आहे, बाई, वर?"

"मेयरच्या मुलीचं लग्न."

"एवढ्या घंटा?"

"एकुलती एक आहे."

दुपारी तोफा. बाई म्हणाल्या, नवं जहाज पाण्यात सोडलं. लग्न आणि जहाज एकाच दिवशी, म्हणजे मेयरचा पैसा किती असेल! मी पण बिअर पिऊन त्या मुलीला आशीर्वाद दिला.


१३ एप्रिल

बाईंनी बजावलंय की कोळसेवाल्या गिडियनशी बोलायचं नाही. तो धरपकडवाल्यांना बातम्या विकतो म्हणे. मला तो बरा माणूस वाटायचा. गाढवाशी बोलत बोलत कोळसा ओततो. आता तो आला की मी भट्टीच्या मागे सरकतो, आणि वरच्या भोकातून कोळसा धडधडत पडतो, आणि तो "आहे का कोणी?" म्हणतो, आणि मी श्वास रोखून उभा. आता खाली बातमी सांगणारं एकच माणूस उरलंय, थर्झा, आणि तीही बोलत नाही. डोळे सुजलेले आहेत तिचे. विचारलं तर म्हणाली, धूर गेला.

वर शिट्टी ऐकू येते, गाणी ऐकू येतात. लेफ्टनंटची काठी पण रोज येते. पण आता हळू पडते. म्हातारा झाला असेल.


१६ एप्रिल

पितळकाम करणाऱ्याने अंगणात एक भलंमोठं काहीतरी वाकवून बनवलंय. त्याचे तुकडे पायऱ्यांवरून माझ्याकडे आले, कारण प्रत्येक नळीची भोकं मोकळी आहेत की नाही हे मला फुंकून बघायचं होतं. एक पंख, दुसरा पंख, शेपूट, आणि डोकं. चोचीत डहाळी.

"हे काय, बदक?" मी थर्झाला विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"बदकच. पण बदक चोचीत डहाळी कशाला धरेल? मी बदकं हाकलीत, ती डहाळी धरत नाहीत, पायाला चावतात. कॉफी हाऊसचं नाव बदलतायत का बाई?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पंख उचलून घेऊन गेली आणि शेपूट विसरली, परत यावं लागलं.


१८ एप्रिल

आज बाईंनी सांगितलं, संध्याकाळी ते बदक घराच्या दर्शनी भिंतीवर पेटणार, शहरात कोणाच्या घरावर नसेल असं. मेयरच्या व्याह्यांना दाखवायला. त्यासाठी टाकी काठोकाठ भरलेली हवी, आणि मी क्षणभरही हलायचं नाही. हललो नाही. सकाळपासून हंडा भरतोय, रिकामा करतोय. टाकी छतापर्यंत आली. मग बाईंनी दोरीची घंटा ओढली, मी नळ सोडला आणि टाकी हळूहळू खाली बसायला लागली. आणि वर ओरडणं झालं. असं ओरडणं मी कधी ऐकलेलं नाही. दगडाच्या भिंतीतून ते माझ्या पायांत उतरलं. मला वाटलं, एका बदकासाठी लोक इतके वेडे होतात?

अभिमान मात्र वाटला. खोटं का लिहू?

थर्झा पायऱ्या उतरून आली. रिबिनी लावलेली टोपी, पांढरी.

"वर ये. एकदाच. पायरीपर्यंत. तुझा उजेड तू बघ तरी."

"आणि टाकी?"

"टाकी जाऊ दे खड्ड्यात."

"लेफ्टनंट असेल ना वर?"

ती म्हणाली, "आहे. नाचतोय." आणि अजून काहीतरी म्हणणार होती, तर वरून बाईंची हाक आली: "थर्झा!" ती दोन पायऱ्या चढली, थांबली, परत वळली. माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि एकटीने हंडा भरला. वात धरली, झाकण उघडलं, ओढलं, भरलं, माती थापली. पांढरी टोपी काळी झाली. मी म्हटलं, अगं, लग्नाच्या गडबडीत हा काय खेळ?

"खेळ नाही," म्हणाली आणि गेली.

जायबंदी पायाचा माणूस नाचतोय. दारू, दुसरं काय.


२५ एप्रिल

बाईंना विचारलं, ट्रास्कच्या जहाजाचं काय. म्हणाल्या, वारा पश्चिमेचा आहे, सगळी जहाजं अडकून पडलीत. वारा फिरला की सांगते. माझ्या जागी माणूस मिळाला का? बघतेय, म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू गेलास की मला सुनं वाटेल बघ." पहिल्यांदाच कोणी मला असं म्हटलं. आजवर मी जिथून निघालो तिथे लोकांनी दार लावून घेतलं आणि कामाला लागले.

तळघराला वारा कळत नाही. ज्योत बघून सांगावं तर तीही नळीतलीच.


४ मे

बाई म्हणाल्या, अजून पश्चिमेचाच.

बर्फाचे डोंगर उन्हाळ्यात वितळतात का? ट्रास्कना विचारायचं राहिलं.


५ मे

रस्त्याच्या कडेला घाईत लिहितोय, अक्षर वाचता आलं तर नशीब.

दुपारी कोळशाच्या भोकात मोठं ढेकूळ अडकलं. गिडियनचा आवाज आला, "थांब रे, मी वाकतो." आणि भोकातून डोकं आत आलं, ते गिडियनचं नव्हतं. वेणी घातलेले केस, कानात बाळी, गालावर बारुदाची निळी ठिपक्याठिपक्यांची खूण. आरमाराचा माणूस. मी सळई उचलली.

तो हसायला लागला. "अरे, ठेव खाली! मी गिडियनचा पोरगा, अ‍ॅम्ब्रोज. बाबा, इथे एक भूत आहे, तळघरात!"

"मला नेणार असशील तर—"

"कुठे नेणार? मलाच परवा सोडलं. दोनदा लढाईत बुडता बुडता वाचलो, आता घरी आलोय तर म्हाताऱ्याने फावडं दिलं हातात."

"सोडलं म्हणजे? पळालास?"

त्याने बापाला हाक मारली. मग डोकं बाहेर गेलं आणि गिडियनचं आत आलं, कोळशाने काळं, त्यात दोन डोळे. "पोरा," तो म्हणाला, हळू, आजारी माणसाशी बोलतात तसं. "लढाई संपली. ईस्टरच्या सुमाराला. फ्रान्सच्या बादशहाला, त्या बोनीला, बेटावर पाठवला. धरपकड बंद आहे कधीची. तू खाली काय करतोयस?"

मी म्हटलं, "मेयरच्या मुलीचं लग्न—"

"मेयरला मुलगी कुठे आहे?"

"काका, आणि ट्रास्कचं जहाज? वारा पश्चिमेचा—"

"धक्क्यावरून गेलं ते. वारा चांगला होता गेला सगळा आठवडा."

मग गाढव ओरडलं आणि त्याला जावं लागलं.

मी वर गेलो. पायऱ्या चढलो, स्वयंपाकघर ओलांडलं, आणि कॉफीच्या खोलीचं दार उघडलं. लख्ख दुपार होती, गॅस बंद. माझ्या नळ्या भिंतीवर नुसत्याच, थंड. खोली मी समजत होतो त्यापेक्षा बरीच लहान आहे. शेगडीजवळ काठीवाला बसला होता. निळा कोट नव्हता, साधा तपकिरी होता, कोपरावर फाटलेला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, दोन्ही तळवे पुढे करून. का केलं ते माहीत नाही.

त्याने तळव्यांकडे पाहिलं. मग तोंडाकडे.

"साखर संपलीय," तो म्हणाला. "सांग ना बाबा आत. कधीचा ओरडतोय, लक्षच देत नाही कोणी हल्ली माझ्याकडे."

मी आत जाऊन साखर आणून दिली. 

बाई पैशांच्या गल्ल्यामागे उभ्या होत्या. लपल्या नाहीत, रडल्या नाहीत. "खोटं बोलले मी," म्हणाल्या. "नवरा गेला तेव्हा या खोलीत बसायला कुत्रं येत नव्हतं. सगळे समोरच्या गुत्त्यात. उजेड आणला तेव्हा माणसं आली. तो उजेड तुझ्या हातात आहे आणि दुसऱ्या कुणाला जमत नाही. दोन माणसं आणली होती, वास घेऊनच पळाली. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर थांबला असतास?"

मी काळे तळवे सदऱ्याला पुसले.

"आणि एक सांग, बाळा. दाराला कधी कडी लावली होती मी? कधी तरी?"

नव्हती लावली. ते दार रोज उघडंच होतं. 

"जा," त्या म्हणाल्या. "पण जाळ आत्ता उतरायला लागला असेल. तो हंडा चिरल्याचा आवाज मी एकदा ऐकलाय. कानांवर हात ठेवून बसते."

आणि मी, ज्याने आजवर कुठल्याही मालकाकडे मागे वळून पाहिलं नाही, तो धावत तळघरात उतरलो. शिव्या देत उतरलो, पण उतरलो.

भट्टीसमोर थर्झा होती. बाह्या वर, भाजायच्या खोलीतला चामड्याचा एप्रन, कान झाकणाजवळ. हंडा संत्र्याच्या रंगाचा होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"सांगितलं का नाहीस?"

"मामीने हाकललं असतं. मला जायला जागा नाही, जॅगो. आणि नुसतं सांगून काय झालं असतं? तू आत्ता आलासच ना परत?" तिने वात धरली, झाकण ढिलं केलं. ज्योत कडेने शहाण्यासारखी फिरून विझली. "आधी शिकायला हवं होतं. त्याला वेळ लागला. मला वाटलं, जहाज निघायच्या आत जमेल. नाही जमलं. माफ कर."

मी तिथे उभा राहून बघत होतो. माती बरोबर ओली होती. मला काहीही दुरुस्त करायला सापडलं नाही.

"अ‍ॅम्ब्रोज म्हणत होता," ती पाठमोरीच म्हणाली, "ट्रास्कचं जहाज धक्क्यावरून गेलं, पण नदीच्या तोंडाशी पिल गावाला थांबलंय. मिठाच्या होडीची वाट बघत. चालत गेलास तर गाठशील. पिशवी पायरीवर आहे. आता निघ, मला आवाज ऐकू येत नाही तू बोलतोस तेव्हा."

अंगणातून गेलो. भिंतीला ते पितळी पाखरू टेकवून ठेवलं होतं, काजळीने काळं. दिवसाउजेडी नीट पाहिलं. मान आखूड, छाती गोल. बदक नव्हतं. कबुतर होतं. शांततेचं. सगळ्या शहरात लढाई संपल्याचा सगळ्यात मोठा उजेड माझा होता, आणि ती संपल्याचं न कळलेला एकटा माणूसही मीच.


६ मे, पिल

काल शहराबाहेरच्या टेकडीवर पोचेपर्यंत दिवस मावळत होता. रस्त्याने सगळीकडे सोडून दिलेले खलाशी, घोळक्याघोळक्याने, काम विचारत. मागे वळून पाहिलं. धक्क्याकडे तेलाचे दिवे पिवळट, आणि त्यांच्यात एकच पांढरा ठिपका. तो मी याआधी एकदाच बाहेरून पाहिला होता, धावता धावता. बघता बघता तो दबला. हंडा भरायच्या वेळी तसा दबतो. मी श्वास रोखला. मग तो परत वर आला, आधीपेक्षा स्वच्छ. मी भरायचो तेव्हा इतका सरळ येत नसे.

जहाज आहे. ट्रास्क म्हणाले, "अरे, सोन्यासारखे मुरलेले खलाशी रांगेत आहेत, पण शब्द दिलाय तुला. भुवयांचं काय झालं?" उद्या सकाळच्या भरतीला निघायचं. वारा पूर्वेचा आहे. मी स्वतः ओलं बोट वर करून बघितला, दोनदा.

आत्ता वाळूवर बसून थर्झाची पिशवी उघडली. पाव, चीज, रस्स्यातलं मटण कापडात बांधलेलं, आणि पुडीत भाजलेले कॉफीचे दाणे. मटण कालच्या दुपारच्या जेवणातलं आहे. घरात तीनच पानं वाढली जातात, दोन वर दोघींची, आणि तिसरं खाली जातं, ते ती नेते. म्हणजे न्यायची.

अर्धं खाऊन झालं तेव्हा ध्यानात आलं. आता खाली ती आहे. तिचं पान खाली कोण नेऊन देणार, हे मी विचारलंच नाही.